उतरल्यानंतरचा धडा

सेस्ना १७२ जातीचे चार आसनांचे प्रशिक्षण विमान धावपट्टीच्या रोखाने खाली येत आहे. डावीकडच्या आसनावर विद्यार्थी, उजवीकडे इन्स्ट्रक्टर. धावपट्टीचे टोक चाकांखालून मागे पडते, विद्यार्थी थ्रॉटल मागे ओढतो, नाक हळूहळू उचलू लागतो आणि विमान टेकण्याऐवजी पुन्हा वर जाते. धावपट्टीपासून काही फुटांवर ते तरंगत राहते, वेग झरझर उतरतो, पंख किंचित डावीकडे कलतो आणि हेडसेटमध्ये इन्स्ट्रक्टरचा आवाज येतो, ‘माय कंट्रोल’. हे सगळे आठ-दहा सेकंदांत उरकते. मग इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, फ्लॅप टप्प्याटप्प्याने उचलायचे, रेडिओवर टॉवरला कळवायचे, की पुढचे सर्किट सुरू. अर्ध्या तासाने ब्रीफिंग रूममध्ये इन्स्ट्रक्टर विचारतात, ‘काय चुकलं?’ विद्यार्थी सांगतो, ‘सर, नाक जरा जास्त उचललं गेलं.’ इन्स्ट्रक्टर मान डोलावतात, ‘पुढच्या वेळी हलक्या हातानं’ असे सांगतात, प्रगतिपुस्तकात एक ओळ लिहितात आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतात. फ्लाइंग क्लबांत असा संवाद नेहमीचाच आहे. त्यात कोणीही खोटे बोललेले नसते. तरीही तो बहुतेक वेळा अपुरा असतो.

आता हेच लँडिंग दोन आसनांच्या मधोमध, खांद्याच्या उंचीवर घट्ट बसवलेल्या एका लहान कॅमेऱ्याने टिपले आहे असे समजू. चित्रण एक मिनिट मागे नेले की दिसते, गोष्ट धावपट्टीवर सुरू झालेलीच नव्हती. बेस लेगवर, म्हणजे शेवटच्या वळणाआधीच्या टप्प्यावर, थ्रॉटल जितका मागे घ्यायला हवा होता तितका घेतला गेला नाही. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, वळल्यावर विमान उंच असल्याचे विद्यार्थ्याच्या लक्षात आले, म्हणून त्याने नाक खाली दाबले. उंची घटली, पण वेग वाढला. जिथे काटा ६५ नॉटच्या आसपास असायला हवा, तिथे तो ७८ वर आहे, आणि त्या संपूर्ण वेळात विद्यार्थ्याची मान वेगदर्शकाकडे एकदाही वळलेली नाही. हा जादा वेग घेऊनच विमान धावपट्टीवर आले. अशा वेगात नाक एरवीइतकेच उचलले तरी पंखांना गरजेपेक्षा जास्त उचल मिळते आणि विमान वर जाते. हाताने केले ते जवळजवळ बरोबर होते, चूक झाली होती डोळ्यांची आणि तीही मिनिटभर आधी. ‘हलक्या हातानं’ हा सल्ला घेऊन तो विद्यार्थी पुढच्या वेळी त्याच वेगाने आला, तर विमान अर्धी धावपट्टी तरंगत जाईल. कॉकपिटमधल्या कॅमेऱ्याबद्दल या प्रकरणात जे म्हणायचे आहे, त्याचे सार या एका मिनिटात आहे. शिकणाऱ्याच्या मनात परिणाम उरतो आणि कारण निसटते. कॅमेरा ते कारण जमिनीवर आणून देतो. मात्र ते ओळखण्याचे काम त्यानंतर दोन माणसांनाच करावे लागते.

कारण निसटते ते विद्यार्थी मंद असतो म्हणून नव्हे. उडते विमान ही शिकण्याची मोठी गैरसोयीची जागा आहे. इंजिनाचा घणघणाट, उन्हात तापलेली काच, हेडसेटमध्ये एकाच वेळी टॉवर, दुसरी विमाने आणि इन्स्ट्रक्टर यांचे आवाज, आणि या सगळ्यात पुढे सरकणारे, कधीही न थांबणारे विमान. गाडी शिकताना रस्त्याच्या कडेला थांबून बोलता येते, तशी सोय आकाशात नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. नंतरच्या संशोधकांनी तो आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला. फायनलवरच्या नवशिक्याला धावपट्टीची रेषा, उतरण्याचा कोन, वेग, वारा, रडर, थ्रॉटल आणि रेडिओ हे सगळे एकदम धरायचे असते. जे. ए. ईस्टरब्रूक यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की मन उत्तेजित झाले की लक्षाचा परीघ आकसतो आणि कडेच्या खुणा आधी दिसेनाशा होतात. नवशिक्याची नजर धावपट्टीवर खिळते आणि वेगदर्शकाचा काटा त्याच्यापुरता नाहीसा होतो. अशा क्षणी इन्स्ट्रक्टर ‘स्पीड बघ’ म्हणाले, तरी ते शब्द कानावर पडून मनात न उतरता निघून जातात. त्याच शब्दांसाठी विद्यार्थी तासागणिक हजारो रुपये मोजत असतो.

जे त्या क्षणी मनात शिरलेच नाही, ते नंतर आठवणार कसे? इथे स्मृती एक घात करते. रिकामी जागा ती रिकामी ठेवत नाही, पटेल अशा गोष्टीने भरून टाकते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतले. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न विचारले. एक चतुर्थांश विद्यार्थ्यांचे एकही मुख्य उत्तर जुळले नाही, आणि चुकीची उत्तरे देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्या आठवणीबद्दल पुरती खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण परत आली नाही. कोणी म्हणेल, अडीच वर्षे कुठे आणि अर्धा तास कुठे. ही शंका रास्त आहे, म्हणून दुसरा पुरावा पाहू. इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांनी १९८६ मध्ये फुटबॉलच्या नवख्या प्रशिक्षकांना सामन्याचा अर्धा भाग दाखवून लगेच त्यातल्या महत्त्वाच्या घटना विचारल्या. त्यांना निम्म्याहूनही कमी घटना नीट सांगता आल्या. ही माणसे मैदानाबाहेर बसून फक्त पाहत होती. आपला इन्स्ट्रक्टर पाहत असतो, बोलत असतो, दुसऱ्या विमानांवर नजर ठेवून असतो आणि कंट्रोलपासून काही इंचांवर हात तयार ठेवून असतो. त्याची आठवणही माणसाचीच आठवण आहे, आणि दिवसाची चौथी सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, असेल तर पहिल्या तीन सॉर्टी तिच्यात मिसळलेल्या असतात.

वैमानिक घडवणाऱ्यांना ही अडचण पहिल्यापासून ठाऊक होती. विमान प्रशिक्षणाचा इतिहास हा एका अर्थी विश्वासू साक्षीदाराच्या शोधाचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हाईथ इथल्या गनरी स्कूलसाठी थॉर्नटन-पिकार्ड कंपनीने लुईस मशीनगनच्या आकाराचा कॅमेरा बनवला. चाप ओढला की गोळीऐवजी फोटो निघे, आणि नेम किती हुकला हे जमिनीवर फिल्म धुतल्यावर दिसे. ‘मी पाडलंच होतं’ या म्हणण्याला त्यापुढे अर्थ उरला नाही. १९१७ मध्ये गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी प्रशिक्षणाची नवी पद्धत बसवली आणि तिच्याबरोबर आली बोलण्याची साधी नळी, जिच्यातून इन्स्ट्रक्टरचा आवाज उडत्या विमानात विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचू लागला. १९२९ मध्ये एडविन लिंक यांनी जमिनीवरचे सराव-विमान तयार केले. पुढे त्याला जोडलेले ‘क्रॅब’ नावाचे तीन चाकांचे यंत्र इन्स्ट्रक्टरच्या टेबलावरच्या नकाशावर शाईची रेघ ओढत जाई, आणि विद्यार्थ्याने कल्पनेतले विमान कुठून कुठे नेले ते कागदावर उरे. १९६० च्या दशकापासून अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू जहाजांवर प्रत्येक लँडिंगचे चित्रण होऊ लागले. प्रत्येक उतरण्याला सिग्नल ऑफिसर शेरा देतो आणि तो वैमानिकाला समोरासमोर वाचून दाखवतो. या साऱ्या साधनांत एक समान धागा आहे. हवेत जे घडले त्याचा ठसा जमिनीवर आणायचा आणि त्याच्याभोवती बसून बोलायचे. महागड्या संस्थांना आणि सैन्याला जे शंभर वर्षे परवडत होते, ते तळहाताएवढ्या कॅमेऱ्याने साध्या फ्लाइंग क्लबच्या आवाक्यात आणले आहे.

इथवर वाचून कोणी कॅमेरा विकत घ्यायला निघाला असेल, तर त्याने थोडे थांबावे. कॅमेऱ्याच्या विरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम पुरावा शिक्षणाच्या संशोधनातूनच आलेला आहे. जॉर्जेस साव्होल्देली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये भूलशास्त्र शिकणाऱ्या ४२ डॉक्टरांवर प्रयोग केला. कृत्रिम रुग्णावरच्या आणीबाणीनंतर एका गटाशी कोणी काही बोलले नाही, दुसऱ्याशी फक्त तोंडी चर्चा झाली आणि तिसऱ्याशी चित्रण दाखवून. गप्प ठेवलेला गट सुधारला नाही. उरलेले दोन्ही गट सुधारले, पण चित्रण पाहिलेला गट नुसत्या चर्चेच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. स्कॉट टॅनेनबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. कामानंतरच्या पद्धतशीर चर्चेने कामगिरी सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास सुधारते असे त्यांना आढळले. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की बोध स्पष्ट होतो. शिकवते ती चर्चा. चित्रण एकटे कोणाला काही शिकवत नाही. मग कॅमेरा कशाला? एक तर चर्चा व्हावी लागते. पुढचा विद्यार्थी दारात उभा असताना ती दोन वाक्यांत संपते, आणि समोर ठेवलेले चित्र तिला बसायला भाग पाडते. दुसरे असे की भूलशास्त्राच्या त्या प्रयोगात शिक्षक निवांत बाजूला राहून पाहू शकत होता. कॉकपिटमधल्या शिक्षकाला ती चैन नाही. जिथे शिक्षक स्वतः घटनेत गुंतलेला असतो, तिथे चर्चेला बाहेरच्या साक्षीची गरज जास्त असते. हे दुसरे कारण माझे अनुमान आहे, पण वरच्या सगळ्या पुराव्याशी ते जुळते.

म्हणजे प्रश्न कॅमेरा असावा की नसावा एवढ्यावर संपत नाही. चित्रण कसे पाहायचे, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने इन्स्ट्रक्टरांसाठी काढलेल्या हस्तपुस्तिकेत उड्डाणानंतरच्या चर्चेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. विद्यार्थ्याने आधी उड्डाण आपल्या शब्दांत पुन्हा सांगायचे, मग कुठे काय वेगळे करता आले असते ते मांडायचे, त्यातून काय शिकलो याचा विचार करायचा आणि शेवटी तो धडा पुढच्या उड्डाणाशी जोडायचा. कॅमेऱ्याची जागा पहिल्या पायरीनंतर आहे, आधी नाही. विद्यार्थ्याने आधी सांगावे, ‘नाक जास्त उचललं गेलं’, आणि मग चित्रण लावावे. आपली आठवण आणि पडद्यावरचे दृश्य यांतली तफावत त्याला स्वतःला दिसते, तोच शिकण्याचा क्षण असतो. चित्रण आधी लावले तर तफावत कळतच नाही, सगळे आपल्याला आधीच ठाऊक होते असे वाटते. तासाभराचे चित्रण तासभर पाहणे हा तर वेळेचा अपव्यय आहे. इन्स्ट्रक्टरने दोन किंवा तीन तुकडे निवडावेत, प्रत्येक मिनिटभराचा, आणि त्यांत एक तरी तुकडा नीट जमलेल्या गोष्टीचा असावा. शक्यतो प्रत्येक तुकडा चूक दिसण्याच्या मिनिटभर आधीपासून सुरू करावा. कारण तिथे असते.

साधनाची जुळणीही याच हेतूने करावी लागते. आवाज नसलेले चित्रण अर्धे निकामी असते, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक इंजिनाच्या घरघरीखेरीज फारसे काही पकडत नाही. म्हणून हेडसेटच्या जॅकमधून कॅमेऱ्याकडे जाणारी केबल लागते. तिच्यामुळे इन्स्ट्रक्टरचे प्रत्येक वाक्य, टॉवरचा प्रत्येक निरोप आणि विद्यार्थ्याचे प्रत्येक उत्तर काट्यांच्या हालचालीसोबत जुळून मिळते. ‘स्पीड बघ’ हे शब्द कधी उच्चारले गेले आणि मान किती सेकंदांनी वळली, हे तेव्हाच मोजता येते. कॅमेऱ्याच्या चौकटीत पॅनेल, दोघांचे हात आणि समोरची काच एकत्र मावायला हवी. नुसते बाहेरचे दृश्य सुंदर दिसते आणि फार थोडे शिकवते. कॅमेऱ्याच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. त्याचा सेन्सर प्रतिमा ओळीओळीने वाचतो, म्हणून फिरता प्रॉपेलर वाकलेला, तुटलेला दिसतो. रुंद कोनाच्या भिंगातून धावपट्टी असते त्याहून दूर आणि लहान वाटते. रडरवरचा पायाचा दाब, आसनाखाली जाणवणारी घसरण, योकचा जडपणा यांतले काहीच चित्रणात येत नाही. त्यामुळे उतरण्याची उंची कॅमेऱ्याच्या भरवशावर ठरवू नये. काट्यांचे, हातांचे, शब्दांचे आणि वेळेचे साक्षीदारपण मात्र तो निष्ठेने निभावतो.

एक आक्षेप असा की विद्यार्थी चित्रणावर विसंबून राहील आणि हवेत असताना स्वतःच्या जाणिवांकडे दुर्लक्ष करील. हा आक्षेप वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. कॅरोली विनस्टीन आणि रिचर्ड श्मिट यांच्या १९९० मधल्या प्रयोगात शारीरिक कौशल्य शिकणाऱ्यांपैकी एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, तर दुसऱ्याला निम्म्याच प्रयत्नांनंतर. काही काळाने घेतलेल्या परीक्षेत निम्मा निकाल मिळालेला गट सरस ठरला. सतत मिळणारा बाहेरचा आधार आतली जाणीव घडू देत नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या शेकडो निष्कर्षांचा हिशेब केला, तेव्हा त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायाने कामगिरी घसरल्याचे दिसले. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे गेले की असे होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पडद्यावर स्वतःला पाहताना तर लक्ष तिकडे जाण्याचा धोका जास्तच. यावर उपाय आहे. कॅमेऱ्याची चौकट चेहऱ्यावर न ठेवता हातांवर आणि पॅनेलवर ठेवावी. प्रत्येक सॉर्टीचे चित्रण पाहू नये. नवा विषय सुरू होताना पाहावे, अडखळले की पाहावे, आणि सोलो, म्हणजे एकट्याने करायचे उड्डाण, जवळ आला की कमी करत जावे. सोलोला जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे ना इन्स्ट्रक्टर असतो ना चित्रण, फक्त घडलेली सवय असते. चित्रणाने ती सवय घडायला मदत करून मागे सरले पाहिजे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला दोन खऱ्या घटनांचा आधार आहे. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे व्हॉयेजर विमान १९८ जणांना घेऊन काळ्या समुद्रावरून जात असताना अचानक नाक खाली करून कोसळू लागले आणि २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आले. कॅप्टनचा कॅमेरा आसनाचा हात आणि साइडस्टिक यांच्या बेचक्यात अडकला होता. त्याच वर्षी ३१ मे रोजी अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वॉटकिन्सजवळ एक सेस्ना १५० रात्री कोसळले. विमानातल्या कॅमेऱ्यात आधीच्या छोट्या उड्डाणांची चित्रणे सापडली, त्यांत वैमानिक मोबाइलने स्वतःचे फोटो काढताना दिसला. मोबाइलमुळे विचलित होणे हे अपघाताला हातभार लावणारे कारण असल्याचा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवला. दोन्ही घटना नीट वाचल्या की त्यांचा धडा नेमका कळतो. एकात वस्तू मोकळी होती, दुसऱ्यात हात कंट्रोलऐवजी उपकरणावर होता. म्हणून कॅमेरा स्क्रूच्या पक्क्या पकडीत असावा आणि त्याला सुरक्षेची दोरी असावी. तो कंट्रोलच्या वाटेत, नजरेच्या रेषेत किंवा होकायंत्राजवळ नसावा, कारण चुंबकीय पकड होकायंत्राचा काटा हलवू शकते. इंजिन सुरू करण्याआधी चालू करून तो विसरून जावा आणि इंजिन बंद झाल्यावरच त्याला हात लावावा. उड्डाणात बंद पडला तर बंद पडू द्यावा. विदर्भातल्या मे महिन्यात गोंदियाच्या उन्हात उभ्या असलेल्या विमानात कॅमेरा ठेवून जाऊ नये, तापलेली लिथियम बॅटरी हा वेगळाच धोका आहे. चेकलिस्टमध्ये कॅमेऱ्यासाठी एक ओळ घातली की यातले बरेचसे आपोआप पाळले जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत मानवी आहे. कोणी आपल्यावर पाळत ठेवते आहे, ही भावना. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉरन यांनी १९५० च्या दशकात कॉकपिटमधला आवाज नोंदवणारे यंत्र सुचवले, त्यामागे कॉमेट विमानांच्या अपघातांचा तपास होता. त्यांतला एक अपघात २ मे १९५३ रोजी कोलकात्याजवळ झाला होता. वॉरन यांच्या यंत्राला सुरुवातीला विरोध झाला तो वैमानिकांच्या संघटनेकडून, कारण त्यांना त्यात हेर दिसला. आज तसे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत असतेच. अमेरिकेच्या सुरक्षा मंडळाने २००० मध्ये कॉकपिटमध्ये चित्रणही व्हावे अशी शिफारस केली, पण वैमानिक संघटनांनी ती अजून मान्य केलेली नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळल्यानंतर हा वाद आपल्या दारात आला. प्राथमिक अहवालात इंधनाच्या स्विचांची नोंद होती, दोन वैमानिकांमधला त्रोटक संवाद होता, पण त्या क्षणी कॉकपिटमध्ये नेमके काय घडले हे दाखवणारे चित्र कोणाकडेच नव्हते. तो वाद मोठा आहे आणि तो इथे सोडवायचा नाही. इथे एवढेच ध्यानात घ्यावे की प्रशिक्षणाचा कॅमेरा ही वेगळी वस्तू आहे. अपघात-तपासाचे यंत्र तिसऱ्या माणसासाठी असते, शिकण्याचे चित्रण त्यातल्या दोघांसाठीच असते. मोठ्या विमान कंपन्यांच्या सिम्युलेटर प्रशिक्षणात चर्चा संपल्यावर चित्रण पुसून टाकण्याची पद्धत रुजली, ती याच जाणिवेतून. ते चित्रण शिक्षेसाठी वापरायचे नाही हा शब्द पाळला गेला, म्हणून वैमानिकांनी ते स्वीकारले.

फ्लाइंग स्कूललाही हाच शब्द द्यावा लागेल, आणि इन्स्ट्रक्टरच्या बाजूनेही द्यावा लागेल. कारण कॅमेऱ्यात त्याच्याही चुका दिसतात. सूचना उशिरा दिली, एका दमात चार गोष्टी सांगितल्या, विद्यार्थ्याच्या हातातून कंट्रोल गरजेपेक्षा लवकर घेतला, आवाज चढवला. चांगला शिक्षक हे पाहून सुधारतो, पण आपल्या वरिष्ठांनी आपल्या मागे ते पाहावे असे कोणालाच वाटत नाही. म्हणून चित्रण सुरू करण्याआधी दोघांची संमती असावी, ते कोण पाहील आणि कधी पुसले जाईल हे आधी ठरावे, आणि समाजमाध्यमांवर ते टाकू नये. प्रेक्षक आला की विद्यार्थी शिकणे सोडून सादर करू लागतो, चूक लपवू लागतो, आणि चूक लपली की कॅमेऱ्याचा उपयोगच संपला. आपल्याकडे कायद्याचीही बाजू आहे. १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय छायाचित्रण करण्यास मनाई करणारा होता, आणि पुण्याचे लोहगाव किंवा गोव्याचे दाबोळी ही तर सैन्यदलांची ठाणी आहेत. तेव्हा विद्यार्थ्याने आपल्या मनाने कॅमेरा लावू नये. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या प्रशिक्षण संस्थांनी लागू असलेले नियम तपासून, रीतसर परवानगी घेऊन, स्वतःची लेखी पद्धत ठरवावी. हे काम संस्थेचे आहे.

मुंबईत विमान शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळापासून आजपर्यंत वैमानिकाच्या लॉगबुकातले रकाने फारसे बदललेले नाहीत. तारीख, विमानाचा प्रकार, कुठून कुठे, किती तास. आज भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, आणि लॉगबुक ते तास चोख मोजते. त्या तासांत काय शिकून झाले, हे मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही. एकच चूक पाच तास घोटली तरी लॉगबुकात ते पाचच तास दिसतात, आणि तिचे कारण पहिल्या तासात सापडले असते तरीही तेवढेच दिसले असते. या दोहोंतला फरक पैशांत मोठा आहे, आणि पुढे कधी शे-दीडशे प्रवासी मागे बसलेले असताना तो पैशांच्या पलीकडचा आहे. म्हणून फ्लाइंग स्कूल चालवणाऱ्यांना विनंती आहे. कॅमेरा बसवण्याआधी वेळापत्रकात प्रत्येक सॉर्टीनंतर वीस मिनिटे मोकळी ठेवा, एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवा. विद्यार्थ्याला आधी बोलू द्या, मग एक मिनिटाचे चित्रण लावा, ते कुठून सुरू करायचे ते त्यालाच विचारा, आणि चर्चा संपली की पुसून टाका. ती वीस मिनिटे मिळणार नसतील, तर कॅमेऱ्यावर पैसे खर्च करू नका.